हिरव्या चौकोनांचा हवाला

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवून त्यांच्या सान्निध्यात मासे पाळण्याचा जो छंद अलीकडे आपल्या शहरांतील सुस्थितीतील घरांतून रुजू लागला आहे, त्या छंदात कोणता मासा कोणत्या माशाशेजारी ठेवावा या प्रश्नाचा निकाल देण्याचे काम एका तक्त्याकडे सोपविण्यात आलेले आहे. माशांची नावे उभ्या बाजूस आणि तीच नावे आडव्या बाजूस मांडून, दोन नावांच्या रेघा जेथे मिळतात तेथे हिरवा, पिवळा किंवा तांबडा चौकोन रंगविलेला असतो. हिरवा म्हणजे खुशाल ठेवा, तांबडा म्हणजे ठेवू नका, आणि पिवळा म्हणजे सावधगिरीने ठेवा. गिऱ्हाईक तक्त्यावरून बोट फिरविते, चौकोन हिरवा निघाला की पैसे मोजते, आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांत टाकीत जे काही घडते त्याचा ठपका पाण्यावर, मिठावर, वीजमंडळावर किंवा आपल्या नशिबावर ठेवते. तक्त्याकडे मात्र संशयाने पाहत नाही. तक्त्याचे समर्थक म्हणतात की, हा हजारो छांदिष्टांच्या अनुभवाचा अर्क आहे व त्याला आव्हान देणे म्हणजे अनुभवाला आव्हान देणे होय. या मताचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. एका माशाचे दुसऱ्याशी जमेल की नाही, हे त्यांच्या जातीच्या नावांवरून ठरतच नाही. ते ठरते जागेवरून, आगमनाच्या क्रमावरून, वयावरून आणि भुकेवरून, आणि त्यांपैकी एकाही गोष्टीसाठी या तक्त्यात रकाना नाही.

प्रतिपक्षाची बाजू आधी मांडणे रास्त होईल. नवख्या माणसास काही तरी आधार हवा असतो, आणि शंभर जातींच्या सवयी मुखोद्गत करून मगच दुकानाची पायरी चढावी, अशी अट घातली तर हा छंद चार पंडितांपुरताच उरेल. लायनफिश नावाच्या, विषारी काट्यांचा पिसारा मिरविणाऱ्या माशाच्या टाकीत बोटाएवढे मासे सोडू पाहणारा गृहस्थ तांबड्या चौकोनामुळे थबकतो, आणि त्या बोटाएवढ्या माशांचे प्राण वाचतात; ट्रिगर जातीचा दांडगा मासा कोळंबी आणि खेकड्यांचा फडशा पाडतो, हेही तक्ता बजावून सांगतो. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याच्या पोटात जातो, एवढे सांगण्यास तक्ता समर्थ आहे, आणि म्हणून तांबड्या चौकोनांविषयी माझी विशेष तक्रार नाही. माझी फिर्याद आहे ती हिरव्या चौकोनांविरुद्ध. तांबडा चौकोन चुकला तर फार तर एखाद्या निरुपद्रवी जोडीला विनाकारण मज्जाव होतो. हिरवा चौकोन मात्र हमी देतो, आणि वेळ आली म्हणजे हा जामीनदार भिंतीवर मुकाट लटकत राहतो.

उदाहरणादाखल निळसर हिरव्या क्रोमिसचे प्रकरण घेऊ. हा मासा स्वस्त, देखणा आणि स्वभावाने गरीब समजला जातो. तक्त्यातील त्याची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी, आणि खुद्द त्याच्याच नावासमोर तर ‘थव्याने ठेवावा’ अशी शिफारस. शिफारस निराधार आहे असे नव्हे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतील फांद्याफांद्यांच्या अक्रोपोरा प्रवाळांवर हे मासे शेकड्यांनी तरंगत प्लवक वेचीत असतात, आणि शत्रूची चाहूल लागताच सगळाच्या सगळा थवा क्षणार्धात फांद्यांत शिरतो. हे दृश्य चित्रफितीत पाहिलेला गृहस्थ सात क्रोमिस आणतो. पहिला आठवडा फार सुखाचा जातो. थवा एका अंगाने वळतो, एका अंगाने चमकतो, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना बोलावून बोलावून तो दाखविला जातो. मग सातांतील सर्वांत लहान मासा वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे, एकटा उभा राहू लागतो. खाणे टाकले की तो वीतभर पुढे येतो. मोठ्यांपैकी एकाने नुसते त्याच्याकडे तोंड वळविले की पुन्हा नळीमागे. त्याच्या शेपटीची टोके झिजतात, पोट आत जाते, कधी बरगडीवर तांबूस चट्टा उठतो, आणि एके सकाळी तो दिसेनासा होतो. त्यानंतर उरलेल्या सहांतील जो लहान, तो नळीमागच्या त्याच जागी येऊन उभा राहतो. वर्ष सरता सरता सातांपैकी एक किंवा दोन उरल्याच्या हकिकती या छंदात इतक्या ऐकू येतात की, त्यांना अपवाद म्हणण्याची सोय राहिलेली नाही. युरोनेमा नावाचा एकपेशीय परजीवी क्रोमिसांना फार जडतो आणि तो तांबूस चट्टा पुष्कळदा त्याचाच असतो, हे मला मान्य आहे. पण टाकीतील मासे लहानापासून मोठ्यापर्यंत आकाराच्या क्रमानेच कमी का होतात, याचा उलगडा केवळ रोगाने होत नाही.

असे का व्हावे? शेकड्यांच्या थव्यातही उच्चनीच असतेच, पण तेथे बलिष्ठाचा मार अनेकांत वाटला जातो, आणि ज्याला तो फार झाला त्याला दुसरी फांदी, दुसरे प्रवाळ, दुसरा थवा मोकळा असतो. चार फूट लांब व दीड फूट रुंद टाकीचा तळ सहा चौरस फूट भरतो, आणि त्यातील बराचसा भाग खडकांनी अडविलेला असतो. समुद्रात भांडणाचा शेवट पराभूताच्या पळण्याने होतो. टाकीत पळण्याला मुलूखच नसल्यामुळे तेवढ्याच रागाचे भांडण हत्येपर्यंत जाते. जिंकणारा मासा येथे अधिक क्रूर झालेला नसतो. हरणाऱ्याने निघून जावे, मग जिंकणारा आपोआप शांत होतो, हा जो समुद्रातील अलिखित करार, त्याची अंमलबजावणी काचेमुळे अशक्य झालेली असते, एवढेच. तक्ता ज्याला ‘शांत स्वभाव’ म्हणतो तो पुष्कळदा पळून जाण्याच्या सोयीचा परिणाम असतो.

या तक्त्यामागे एक न बोललेला सिद्धांत उभा आहे, आणि त्याचे कूळ मोठे थोर आहे. पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले प्राणिवर्तनाचे आचार्य कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील आपल्या जर्मन ग्रंथाचा आरंभच फ्लोरिडाच्या प्रवाळांवरील माशांपासून केला. त्या निरीक्षणांना आपल्या टाक्यांतील निरीक्षणांची जोड देऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की, प्रवाळांवरील भडक रंगांचे मासे मुख्यतः आपल्याच जातीच्या माशांवर तुटून पडतात, परजातीयांकडे बहुधा काणाडोळा करतात, आणि त्यांचे ते भित्तिपत्रकासारखे रंग म्हणजे जातभाईंना लांबूनच दिलेली ताकीद असते. सिद्धांत मोहक आहे, आणि त्यात तथ्यांश नाही असे कोणी म्हणणार नाही. तक्त्याचा डोलारा याच समजुतीवर उभा आहे: आपल्या आपल्यांत वितुष्ट, परक्याशी सलोखा. परंतु पाण्याखाली उतरून वर्षानुवर्षे नोंदी करणाऱ्या संशोधकांनी त्यानंतर जे पाहिले ते इतके सुटसुटीत नव्हते. मायरबर्ग आणि थ्रेशर या दोघांनी १९७४ साली डॅमसेल नावाच्या माशांच्या एका जातीविषयी असे दाखवून दिले की, तोच मासा वेगवेगळ्या जातींच्या घुसखोरांना वेगवेगळ्या अंतरावर अडवितो. स्वजातीयाला सर्वांत दूरवरून, इतरांना कमीअधिक जवळ आल्यावर. म्हणजे त्याच्या घराभोवती एकात एक अशा अनेक हद्दी आखलेल्या असतात. शेवाळाची बाग राखणारे डॅमसेल तर शेवाळ खाणाऱ्या कोणत्याही जातीच्या माशाला, तो आकाराने कितीतरी मोठा असला तरी, बागेतून हाकलून लावतात. चार फुटी टाकीत या सगळ्या हद्दी काचेला जाऊन भिडतात, आणि ज्या परजातीयाला समुद्रात डॅमसेल हातभर अंतरावर सुखाने नांदू देतो, तो येथे चोवीस तास त्याच्या सर्वांत आतल्या हद्दीत असतो. तक्त्यात मात्र दोघांच्या नावांपुढे हिरवा रंग.

याहून मोठा दोष तक्त्याच्या रचनेतच आहे, आणि तो तक्त्याच्या कैवाऱ्यांच्या ध्यानात कसा आला नाही याचे मला नवल वाटते. तक्ता डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत कर्णावर दुमडला, तर दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांवर तंतोतंत बसतात. टँग नावाच्या माशासमोर रास नावाचा मासा आणि राससमोर टँग यांच्यासाठी एकच रंग. याचा अर्थ असा की, आधी कोण आला आणि नंतर कोण, याने काही बिघडत नाही अशी तक्त्याची धारणा आहे. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. ग्रेट बॅरियर रीफवर काम करणाऱ्या पीटर सेल यांनी १९७०च्या दशकात असा विचार मांडला की, प्रवाळावरील रिकामी झालेली जागा श्रेष्ठ जातीला मिळते असे नसून, त्या वेळी जो पोहोचला त्याला ती मिळते, आणि एकदा मिळाली की तो ती सहसा सोडीत नाही. सेल यांच्या सोडतीच्या या कल्पनेवर पुढे पुष्कळ वाद झाले व तिला मुरडही घालण्यात आली, पण आगमनाच्या क्रमाचे महत्त्व कमी झाले नाही. २००९ साली गिएंज आणि स्टियर यांनी मोरेआ बेटाजवळ रास कुळातील दोन जातींवर प्रयोग करून प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांतही कोण आधी आला व किती आधी आला, यावर उशिरा येणाऱ्याचे जगणे अवलंबून राहते असेच दिसून आले.

आपल्याकडील जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवर पिढीजाद हक्क, उपऱ्याची वहिवाट मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर. टाकीतील महसुली व्यवस्था अगदी अशीच चालते, आणि ती समजण्यासाठी ‘तीन ठिपक्यांचा डॅमसेल’ म्हणून विकला जाणारा मासा पाहावा. लहानपणी तो काळाभोर असतो, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढराशुभ्र ठिपका. काटक इतका की नव्या टाकीतील अमोनियाही सोसतो, आणि म्हणूनच ‘टाकी मुरवायला आधी दोन डॅमसेल सोडा’ असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. या सल्ल्याइतका घातक सल्ला या छंदात दुसरा नसेल. टाकी मुरेपर्यंत हा मासा प्रत्येक कपार, प्रत्येक कमान पाहून घेतो. एक खडक तोंडाने साफ करतो, तळाशी वाळू उकरतो, आणि आपला वाडा थाटतो. दोन महिन्यांनी जेव्हा खरोखर हवे असलेले, महागाचे, नाजूक मासे येतात, तेव्हा ते सर्वच्या सर्व उपरी ठरतात. ठिपकेवाला मिरासदार, एव्हाना ठिपके पुसट झालेला व पाच इंचांकडे वाटचाल करणारा, त्यांना खडकाजवळ फिरकू देत नाही. तेच नाजूक मासे आधी रुळले असते आणि डॅमसेल शेवटी, तोही एकटा आणि लहान असा आला असता, तर त्याच जातींच्या त्याच टाकीत बराच काळ सुलह राहिली असती. म्हणूनच अनुभवी मंडळी दांडग्या माशाला सर्वांत शेवटी प्रवेश देतात, आणि नवीन मासा सोडण्याच्या दिवशी खडकांची मांडणी मोडून फेरजमाबंदी करतात, जेणेकरून जुन्या हक्कदाराचे दाखले रद्द व्हावेत आणि सगळ्यांनाच नव्याने जागा शोधावी लागावी.

तक्त्यात काळालाही स्थान नाही. सम्राट एंजलफिश दुकानात निळ्या अंगावर पांढऱ्या वर्तुळांची नक्षी घेऊन बोटभर लांबीचा असतो. पुढे तो पिवळ्या पट्ट्यांचा, फूटभराहून मोठा होतो. ‘एंजल’ या नावापुढील चौकोन यांतील कोणत्या माशासाठी रंगविला आहे, हे सांगण्यास तक्ता बांधील नाही.

क्लाऊनफिशच्या बाबतीत तर वयाचा प्रश्न लिंगाच्या प्रश्नात जाऊन मिसळतो. २००३ सालच्या एका अमेरिकन कार्टून चित्रपटामुळे हा केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घरोघरच्या मुलांना ठाऊक झाला, आणि टाकी घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांची पहिली मागणी त्याचीच असते. या माशांत सर्व पिल्ले आधी अनिश्चित असतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, आणि खालचे सर्व उमेदवार. मादी मेली की नर मादी होतो आणि उमेदवारांतील ज्येष्ठ नराच्या जागी चढतो. हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली या रूपांतराचे वर्णन प्रसिद्ध केले. पीटर बस्टन यांना पापुआ न्यू गिनीच्या पाण्यात असेही दिसले की, रांगेतील प्रत्येक मासा आपली वाढ वरच्याहून काही अंशी कमी राखतो, कारण वरच्याच्या बरोबरीला येणाऱ्याला गटाचे घर असलेल्या समुद्रफुलातून हाकलून लावण्यात येते. आता तक्ता पाहा: क्लाऊनसमोर क्लाऊन, हिरवा. दोन लहान पिल्ले एकदम आणली तर हा हिरवा रंग खरा ठरतो; त्यांतील एक वाढते, दुसरे खुजे राहते, आणि संसार सुरू होतो. परंतु दोन वेगवेगळ्या दुकानांतून दोन पूर्ण वाढलेले देखणे नग आणले, म्हणजे बहुधा दोन माद्या आणल्या, तर त्या दोघींना मागे फिरण्याचा मार्ग निसर्गाने ठेवलेला नाही; मादीचा पुन्हा नर होत नाही. तेव्हा त्यांतील एक मरते. चौकोन तोच, रंग तोच, मासेही त्याच जातीचे.

आतापर्यंत भांडणांचा विचार झाला, आणि तक्त्याचे जनक कदाचित म्हणतील की, भांडणांबाबत दुरुस्त्या करून घेऊ. परंतु भांडण न करणाऱ्या माशांचे काय? मँडरीन हा मासा सर्वांना ठाऊक असावा: निळ्या, नारिंगी, हिरव्या रेषांची अशी काही गुंतागुंत की पैठणीच्या विणकराने हात जोडावेत, अंगावर खवले नाहीत, बुळबुळीत विषारी आवरण, त्यामुळे त्याच्या वाटेला कोणी जात नाही आणि तोही कोणाच्या वाटेला जात नाही. तक्त्याच्या दृष्टीने हा आदर्श नागरिक. त्याची ओळ जवळजवळ संपूर्ण हिरवी. हा मासा दिवसभर खडकांवरून सावकाश सरकत, मान तिरकी करून, एखादी कपार निरखून पाहतो आणि टोचल्यासारखा एक घास घेतो. पुन्हा सरकतो, पुन्हा निरखतो. तो वेचीत असतो कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव, जे जुन्या, मुरलेल्या खडकांतच विपुल असतात. सहा पट्ट्यांचा छोटा रास हा मासाही तेच जीव, त्याच कपारींतून, पण चौपट चपळाईने टिपत असतो. दोघांत भांडण होत नाही, चावा नाही, पाठलाग नाही; तक्ता म्हणतो, हिरवा. आणि मँडरीन शांतपणे उपाशी मरतो. डोक्यामागे खळगा पडतो, पोटाची बाजू आत ओढली जाते, पण तो शेवटपर्यंत कपारी निरखीत असतो, म्हणून मालकाला वाटते की खातो आहे. नवी टाकी, तीन महिन्यांचे खडक आणि शेजारी रास, एवढ्या तीन गोष्टींनी ज्याचा मृत्यू निश्चित होतो, त्याला सुसंगत म्हणणाऱ्या तक्त्याला मी मार्गदर्शक कसा म्हणावा?

सफाई करणाऱ्या निळ्या पट्ट्याच्या रासचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. प्रवाळावरील मोठे मासे याच्या ठाण्यावर रांग लावून येतात, तोंड उघडतात, कल्ले पसरतात, आणि हा त्यांच्या अंगावरील परजीवी टिपतो. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी लिझार्ड बेटावर केलेल्या मोजणीत एक सफाईदार दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खात असल्याचे आढळले. आता टाकीत पाच-सहा मासे असतील, त्यांच्यावर इतके परजीवी आणायचे कोठून? शिवाय ग्रटर आणि बशारी यांनी हेही दाखवून दिले आहे की, या सेवकाला परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरील श्लेष्मा अधिक आवडतो. समुद्रात तो चोरून लचका घेऊ लागला की गिऱ्हाईक निघून जाते किंवा त्याच्या अंगावर धावते, आणि या धाकानेच तो सरळ वागतो. टाकीत गिऱ्हाईक निघून कोठे जाणार? ज्या माशाला आपण उपकारक म्हणून आणले, तो भुकेने सोबत्यांच्या अंगावरचा श्लेष्मा ओरबाडीत राहतो. आणि तरीही ‘सफाईदार, शांत, सर्वांना उपयुक्त’ या मजकुरासह त्याची ओळ हिरवीगार.

प्रवाळांशी माशाचे जमते की नाही, हा तक्त्याचा दुसरा भाग. त्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे तक्त्याने स्वतःच हात टेकले आहेत. बटरफ्लाय माशांच्या कित्येक जाती जिवंत प्रवाळांवरच पोट भरतात, हे तक्ता बरोबर सांगतो. पण बुटक्या एंजलांपुढे तो पिवळा रंग लावतो, आणि हा पिवळा रंग म्हणजे कोर्टाने फिर्यादी आणि आरोपी या दोघांनाही ‘जपून राहा’ असे सांगून खटला निकालात काढण्यासारखे आहे. एकाच दुकानातून आणलेल्या एकाच जातीच्या दोन बुटक्या एंजलांपैकी एक आयुष्यभर शेवाळ खात राहतो, आणि दुसरा शिंपल्यातील मांसल पडद्यावर व प्रवाळाच्या तोंडांवर टोची मारून महिन्याभरात ते मिटवून टाकतो. जातीचे नाव येथे काही सांगत नाही. तो विशिष्ट मासा सांगतो, आणि तोही टाकीत आल्यावर.

तक्त्याच्या विरुद्ध टोकाला आणखी एक पंथ आहे, व माझ्या लेखाचा आधार घेऊन तो पंथ बळावू नये म्हणून त्याचाही समाचार घेतला पाहिजे. समुद्रात सगळे एकत्रच राहतात, टाकीतही चार दिवस मारामारी करतील आणि मग जुळवून घेतील, असे या मंडळींचे म्हणणे. मालवणला बोटीतून जाऊन पाण्यात पाव टाकणारा पर्यटक नाना जातींचे मासे एका घासासाठी एकत्र झालेले पाहतो आणि हाच निष्कर्ष घेऊन घरी परततो. पाव संपल्यावर ते मासे कोठे गेले, हे त्याने पाहिलेले नसते. दुसरा दाखला हे लोक मोठ्या मत्स्यालयांचा देतात. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मुंबईच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि एका टाकीत अनेक जाती पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांना तेथूनच लागली. परंतु सार्वजनिक मत्स्यालयात हजारो लिटर पाणी असते, पगारी माणसे असतात, मार खाल्लेला मासा काढून ठेवायला मागे राखीव टाक्या असतात, आणि मेलेल्याची जागा गुपचूप भरून काढण्याची तरतूदही असते. दिवाणखान्यातील टाकीला यांतील काहीही नसते. शिवाय प्रवाळांच्या टाकीत एकदा सोडलेला मासा परत पकडणे हे एक दिव्यच आहे: प्रवाळ खडकांना चिकटून वाढलेले, मासा कपारीत, आणि जाळे आत घातले की सर्वांत आधी नको तेच मोडते. गोड्या पाण्याच्या टाकीत चूक दोन मिनिटांत निस्तरता येते. येथे ती निस्तरण्यासाठी घर पाडावे लागते.

‘मग नवख्याने करावे तरी काय?’ असा प्रश्न आता हमखास येईल. त्याला माझे उत्तर असे की, दुकानात जाण्यापूर्वी त्याने जातींची जोडी न जुळविता आपल्या टाकीतील रिकाम्या जागांची यादी करावी. वाळूवर कोण राहणार, खडकाच्या कपारीत कोण, मोकळ्या पाण्यात कोण, शेवाळ कोण खाणार, प्लवक कोण टिपणार. एका जागेला आणि एका अन्नाला शक्यतो एकच दावेदार असावा. वाळूतील गोबी आणि पिस्तूल-कोळंबी यांची जोडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ उकरते, वाळूचे ढिगारे बुलडोझरसारखे बाहेर लोटते, आणि लोटताना एक मिशी गोबीच्या अंगावर सतत टेकवून ठेवते. गोबी दाराशी पहारा करते, आणि शेपटीची नुसती थरथर झाली की दोघेही आत. ही जोडी टिकते ती दोघांच्या गरजा परस्परांना छेद देत नाहीत म्हणून. यादी झाल्यावर क्रम ठरवावा: भित्रे आणि मंद खाणारे आधी, त्यांना महिना-दोन महिने रुळू द्यावे, आणि टँग, डॅमसेल, डॉटीबॅक यांसारखे हक्काबाबत जागरूक मासे सर्वांत शेवटी, शक्यतो आधीच्यांपेक्षा आकाराने लहान. नवागताला दोन-चार दिवस छिद्रांच्या पारदर्शक पेटीत, टाकीच्या आतच, ठेवावे. धावून येणारा काचेवर आपटून आपटून थकतो, आणि कोण धावून येतो हेही मालकाला कळते. प्रत्येक मासा त्याआधी निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत राहिला पाहिजे, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबे हे जे खात्रीचे औषध, ते प्रवाळांच्या टाकीत घालताच येत नाही. तांब्याने परजीवी मरण्याबरोबर प्रवाळ आणि कोळंबीही मरतात.

हे सर्व खर्चाचे व वेळखाऊ आहे, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे, आणि त्यावर माझे म्हणणे असे की, हा छंद मुळातच खर्चाचा आणि वेळखाऊ आहे. तक्ता फक्त तो खर्च माशांच्या खात्यावर टाकतो. आपल्या देशात तर या बाबतीत सरकारी कायदाही विसरून चालत नाही. २००१ पासून सर्व खडकाळ प्रवाळ, सागरी पंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा गुन्हा आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांना हात लावणाऱ्याला ‘टाकीसाठी हवे होते’ ही कैफियत उपयोगी पडणार नाही. उलट क्लाऊनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम् येथील केंद्राने हॅचरीत करून दाखविली, त्याला बरीच वर्षे झाली. समुद्रातून न काढलेले, लहानपणापासून तयार खाद्य खाल्लेले, काचेत वाढलेले मासे मिळत असताना सायनाइडने गुंगी देऊन पकडलेल्या, दुकानात धडधाकट दिसणाऱ्या आणि घरी आल्यावर हळूहळू खंगणाऱ्या माशांचे चौकोन जुळवीत बसण्यात काय हशील?

राहता राहिला प्रश्न जमले नाही तर पुढे काय, आणि तो तक्त्याच्या कैवाऱ्यांना मी मुद्दाम विचारतो. ज्या माशाचे टाकीत जमत नाही, तो काढल्यावर जातो कोठे? लायनफिश हा आपल्या बाजूच्या, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतील मासा. १९८५ साली तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला, आणि पुढे कॅरिबियन समुद्र व्यापून त्याने तेथील लहान माशांचा असा संहार चालविला की आज तेथे त्याच्या शिकारीच्या स्पर्धा भरवाव्या लागतात. या आक्रमणाचे मूळ घरगुती टाक्यांतून समुद्रात सोडून दिलेल्या माशांत असावे, हेच संशोधकांचे मत आहे. म्हणजे कोणा तरी गृहस्थाच्या टाकीत जे जमले नाही, ते त्याने अटलांटिकच्या हवाली केले. म्हणून माझी मागणी साधी आणि व्यापारी स्वरूपाची आहे. जो दुकानदार भिंतीवर हिरव्या चौकोनांचा तक्ता लावतो, त्याने त्याच तक्त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, न जमलेला मासा जिवंत परत घेण्याच्या अटी आणि त्याची किंमतही लावावी. मग एका वर्षानंतर त्या भिंतीवर किती चौकोन हिरवे उरतात, ते मी स्वतः जाऊन मोजेन.